हर्बल नॅनो सिल्व्हरची बाटली : पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक रंगासाठी

दोन स्टार देतोय आणि का देतोय हे सांगायला वेळ लागणारे, त्यामुळे ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच हवंय त्यांना आधीच सांगून टाकतो. प्यायला घेऊ नका, डॉक्टरला न विचारता जखमेवर मारू नका, आणि कॅन्सरसाठी तर नावच काढू नका. बाकीच्यांनी बसा निवांत.

झालं असं की मावशीने लिंक पाठवली. तिच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, कल्चर रिपोर्ट आला तर अँटिबायोटिकच्या अख्ख्या यादीसमोर रेझिस्टंट, रेझिस्टंट, रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही, फक्त खालच्या दोन नावांसमोर सेन्सिटिव्ह. घाबरलीच ती. त्यात कोणीतरी ग्रुपवर ही बाटली टाकली, वनस्पतीपासून बनवलेले चांदीचे नॅनोकण, रेझिस्टंट बॅक्टेरियाचा नायनाट, वर बोनस म्हणून कॅन्सरच्या पेशींवरही गुणकारी. मावशीचा फोन, "अरे तू हेच करायचास ना लॅबमध्ये, पानं उकळून चांदी? मग मागवू का?" आता चार वर्षं मी खरंच हेच केलंय, पानं उकळून चांदी, याहून नेमकं वर्णन माझ्या थिसिसच्या सारांशातही नाहीये. तिला म्हटलं तू थांब, डॉक्टरांनी दिलंय ते घे, बाटली मी मागवतो आणि बघतो.

पॅकिंगपासून सुरू करू. पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली. इथेच पहिला स्टार गेला. चांदीचं काहीही असो, ते उजेडापासून लांब ठेवायचं असतं, लॅबमध्ये आम्ही ब्राऊन बाटली नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचो, आणि यांनी काचेसारखी लख्ख बाटली दिलीय कारण आतला रंग दिसला पाहिजे. रंग सुंदर आहे हे मान्य, कोऱ्या चहासारखा, थोडा लालसर. लेबलवर हिरवं पान, '१०० टक्के केमिकल फ्री', '५ नॅनोमीटर', '५०० पीपीएम', 'साइड इफेक्ट शून्य', 'बॅक्टेरियाला याची सवय होऊच शकत नाही'. कुठली वनस्पती ते नाही, बॅच नंबर नाही, चांदी कुठल्या रूपात घातली ते नाही. स्प्रेचं नोझल मात्र चांगलं आहे, बारीक फवारा मारतं, गळत नाही.

केमिकल फ्री वाचून मी हसलो, कारण ही गोष्ट बनते कशी ते बघा. पानं धुवायची, चिरायची, पाण्यात उकळायची, फिल्टर पेपरमधून गाळायची, हा झाला अर्क. दुसरीकडे सिल्व्हर नायट्रेटचं पाणी, बहुतेक सगळे १ मिलीमोलर तीव्रतेचं घेतात. अर्क थेंबथेंब त्यात सोडायचा, स्टररवर फिरवत ठेवायचं, थोडी ऊब द्यायची, आणि मग बघत बसायचं. आधी काहीच होत नाही, तुम्ही मोबाइल बघता, परत मान वर केली की फिकट पिवळं झालेलं असतं, मग मध, मग तपकिरी. पहिल्यांदा हे बघितलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो, खोटं नाही सांगत. पानातले पॉलिफेनॉल, फ्लेव्होनॉइड, साखरा हे सगळे चांदीच्या आयनला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, इलेक्ट्रॉन देतात, आयनची धातूची चांदी होते, अणू एकमेकांना चिकटून कण बनतो आणि पानातलेच रेणू त्या कणावर आवरण घालून बसतात म्हणून तो लगेच गोळा होऊन तळाला जात नाही. रंग येतो तो कणाच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर एका तालात डोलतात म्हणून, चांदीचा पीक, म्हणजे उजेड सगळ्यात जास्त शोषला जातो ती तरंगलांबी, साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरला, सोन्याचा ५२०च्या पुढे म्हणून सोन्याचे नॅनोकण लाल दिसतात. आणि सिल्व्हर नायट्रेट हे चांगलं सणसणीत केमिकल आहे, बोटाला लागलं तर काही वेळाने काळा डाग पडतो आणि तो साबणाने जात नाही, कातडी झडेल तेव्हाच जातो. चार वर्षं माझी उजव्या हाताची बोटं कोळशाच्या दुकानातल्यासारखी होती. तेव्हा पान घातलं म्हणून केमिकल गेलं असं होत नाही, फक्त हायड्राझिन किंवा बोरोहायड्राइडसारखी जहाल रिड्यूसिंग वस्तू वाचते, आणि ती वाचते ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेवढंच म्हणा ना.

या विषयाला मी शिव्या देतोय असं समजू नका. कामाला मोठी परंपरा आहे. फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याचं लाल कोलॉइड, म्हणजे बारीक कण तरंगणारं द्रावण, बनवून ठेवलंय, १९५१ मध्ये तुर्केविचने सायट्रेट वापरून तेच सोपं केलं, आणि वनस्पतीचा भाग म्हणाल तर २००२-०३ मध्ये टेक्सासमधल्या गार्डिया-टॉरेसडे यांच्या गटाने लसूणघासाच्या रोपांच्या आत सोन्याचे आणि मग चांदीचे कण तयार होताना दाखवले. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने जिरेनियमची पानं, कडुनिंबाची पानं वापरली, आणि २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चक्क त्रिकोणी पत्रे बनवले. ते त्रिकोण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले की वाटतं कोणीतरी कात्रीने कापलेत. त्यानंतर मात्र जगात असं झाड राहिलं नसेल ज्याची पानं कोणीतरी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली नाहीत. मीही एक बुडवलं. व्हायवामध्ये मला विचारलं, हेच झाड का? खरं उत्तर होतं की ते डिपार्टमेंटच्या गेटसमोर होतं.

तर बाटली घेऊन जुन्या लॅबमध्ये गेलो. ज्युनिअर मुलगी आहे एक, तिने मशीनवर वेळ काढून दिला, तिचे आभार.

पहिली टेस्ट सगळ्यात सोपी, अंधारात लेझर पॉइंटर मारला तर द्रावणातून किरणाची रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे आत काहीतरी कण आहेत, नुसतं रंगवलेलं पाणी नाही. (पण नुसत्या पानांच्या काढ्यातूनही रेघ दिसते, त्यामुळे यावर कोणी नाचू नये.) मग क्युवेटमध्ये पातळ करून यूव्ही-व्हिजिबलला, म्हणजे कुठला उजेड किती शोषला जातो ते मोजणाऱ्या मशीनला, लावलं, ४४० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा आला, पीक म्हणवत नाही, टेकाड म्हणा, पसरट आणि उजवीकडे लांब शेपूट. तर चांदीचे नॅनोकण आहेत, इथे कंपनी खोटं बोलत नाही, आणि दोनातला एक स्टार त्याचाच. पण पसरट टेकाड आणि शेपूट याचा अर्थ लहानमोठे सगळे एकत्र, गोळे झालेले. डीएलएस या कणांचं माप मोजणाऱ्या मशीनवर टाकलं तर सरासरी १४० नॅनोमीटर. लेबलवर ५!

इथे कंपनीची बाजू घेऊन बोलायचं तर डीएलएस हे मशीन पाण्यात तरंगणाऱ्या कणाचा आवरणासकट व्यास सांगतं आणि दोनचार मोठे गोळे असले तरी सरासरी त्यांच्याकडे झुकते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नुसता धातूचा गाभा दिसतो आणि तो लहानच येतो. पण म्हणून १४० चे ५ होत नाहीत. मायक्रोस्कोपखाली एखाद्या कोपऱ्यात ५चा कण सापडतोच, सगळ्यांनाच सापडतो, त्याचाच फोटो काढायचा आणि लेबलवर छापायचा. मला माहितीये कारण थिसिसमधला माझाही सगळ्यात सुंदर फोटो कोपऱ्यातलाच आहे.

आता माझी आवडती टेस्ट, मीठाची. दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात सलाइन, दोन्हींत बाटलीतले सारखे थेंब. पाण्यात काही झालं नाही, सलाइनमध्ये थेंब पडताक्षणी दुधासारखा पांढरट ढग. म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. म्हणजे द्रावणात मोकळे चांदीचे आयन आहेत, म्हणजेच सिल्व्हर नायट्रेट पूर्ण वापरलं गेलेलं नाही आणि यांनी ते धुवून काढायचे कष्टही घेतलेले नाहीत. इथे दुसरा स्टार गेला. कोणी म्हणेल मीठाने कण गोळा झाले असतील, तर तसं झालं की रंग राखाडी पडून उडतो, दूध होत नाही. तरी खात्री म्हणून दोन थेंब अमोनिया टाकला, ढग विरघळला. सिल्व्हर क्लोराइडच. (हे कोणी करून बघणार असाल तर ती नळी लगेच अ‍ॅसिड घालून टाकून द्या, चांदी आणि अमोनिया एकत्र ठेवायची गोष्ट नाहीये, वाळलं तर फुटू शकतं.)

स्वच्छ करायचं म्हणजे काय तर सेंट्रीफ्यूज करायचं, तळाला बसलेला काळा ठिपका परत पाण्यात सोडायचा, परत फिरवायचं, असं तीनदा. कंटाळवाणं काम, वीज खातं, माल वाया जातो, आणि प्रत्येक वेळी थोडे कण एकमेकांना असे चिकटतात की परत सुटतच नाहीत. म्हणून कोणाला करायचं नसतं. 'ग्रीन' हा शब्द जिथे वापरतात तिथे हे फिरवणं आणि त्यातून निघालेलं चांदीचं सांडपाणी कधी धरलेलं नसतं ही माझी जुनी तक्रार आहे, असो.

५०० पीपीएमचं गणित पण करून टाकू, कागदपेन्सिल पुरते. १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदी असते लिटरला १०८ मिलिग्रॅम, म्हणजे १०८ पीपीएम, सगळीच्या सगळी कणांत बदलली तरी. त्यात अर्क मिसळला की नऊ भागाला एक धरून ९७. ५०० पाहिजे असेल तर ४.६ मिलीमोलरच्या पुढे सुरुवात करावी लागते. करता येतं, पण नुसत्या पानाच्या आवरणावर एवढी चांदी महिनोन्‌महिने तरंगत ठेवणं अवघड, ती खाली बसते. आणि बसलीच आहे, बाटली तिरकी केली की तळाशी राखाडी साका दिसतो. 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लिहिलंय. हलवून गोळा झालेले कण सुटत नसतात हो.

आता मुख्य मुद्दा, बॅक्टेरिया. कंपनीने एक पीडीएफ दिलंय, सर्टिफिकेट म्हणून. त्यात एक पेट्री डिशचा फोटो, चार खड्डे, चारही खड्ड्यांभोवती मोकळं वर्तुळ, खाली लिहिलंय प्रभावी. मी फोटो मोठा करून बघितला, चारही खड्ड्यांत तेच द्रावण, कमीजास्त मात्रेत. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा खड्डा, कुठेय? नुसत्या अर्काचा खड्डा नाही, नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचा नाही, ओळखीच्या अँटिबायोटिकचा नाही. आमच्या लॅबमध्ये असा फोटो घेऊन कोणी मीटिंगला आलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं.

म्हणून आम्ही करून बघितलं. लॅबची साधी ई. कोलाय, म्युलर-हिंटन अगर, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची जेली, त्यात ६ मिलिमीटरचे खड्डे, रात्रभर ३७ डिग्रीला. सकाळी पट्टी लावली, बाटली ११ मिलिमीटर, तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट १३, नुसतं पाणी काही नाही. म्हणजे एवढा उद्योग करून जे बनवलं ते ज्यापासून बनवलं त्याच्यापेक्षा थोडं कमीच. बरं यातही एक मेख आहे, मोठे कण अगरमधून सरकत नाहीत, त्यामुळे वर्तुळाच्या मापावरून ताकद ठरवणंच चूक, त्यासाठी ब्रॉथमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या पातळ द्रावणात, निम्मंनिम्मं पातळ करत जाऊन कुठल्या मात्रेला वाढ थांबते ते बघावं लागतं. पीडीएफमध्ये तो आकडा नाही. बहुतेकांकडे नसतो, कारण वर्तुळाचा फोटो छान येतो आणि आकड्याचा येत नाही.

आणि मारतं कोण? कण की आयन? यावर २०१२ मध्ये राइस युनिव्हर्सिटीच्या लोकांनी फार सुरेख प्रयोग केला. ऑक्सिजन पूर्ण काढून टाकला, म्हणजे कणाचं ऑक्सिडेशन होऊन आयन सुटायचा मार्गच बंद. मग ई. कोलायवर कण ओतले, ज्या मात्रेला आयन बॅक्टेरिया मारतात त्याच्या ७६६५ पट ओतले, तरी बॅक्टेरिया मस्त जिवंत. म्हणजे कण हा गोदाम आहे, माल आयन. आयन जाऊन प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात, एन्झाइम बंद पाडतात, पेशीचं आवरण सैल करतात. गोदामाचा उपयोग नक्की आहे, हळूहळू सुटत राहतं म्हणून जखमेच्या पट्टीत चांदी वापरतात आणि अशा पट्ट्या हॉस्पिटलमध्ये खरोखर आहेत. पण या बाटलीत मीठाच्या टेस्टप्रमाणे मोकळा माल आधीच सांडलेला आहे. तेवढ्यासाठी नॅनो कशाला, क्रेडे नावाचा जर्मन डॉक्टर १८८० च्या सुमाराला नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालतच होता.

जखमेत तर आणखी गंमत, तिथे क्लोराइड आहे, प्रथिनं आहेत, दोन्ही चांदीला धरून बसतात. डिशमध्ये जे मरतं ते जखमेत मरेलच असं नाही. मावशीला हे समजवताना म्हटलं, तुझ्या जखमेतलं पाणी म्हणजे ती सलाइनची नळी समज. तिला लगेच कळलं.

'सवय होऊच शकत नाही' हे वाक्य मात्र वाचून डोकं फिरलं. रेझिस्टन्स हा गमतीचा विषय नाही, २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट त्यामुळे झाले असा अंदाज लॅन्सेटमध्ये २०२२ ला आला. आणि चांदीची सवय होते, चांगली होते. १९७५ मध्येच बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला, चांदी बाहेर फेकणारे पंप बनवणारी जनुकं एका प्लाझ्मिडवर बसलेली, प्लाझ्मिड म्हणजे एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी चिठ्ठीच. बरं ते आयनचं झालं, कणांचं काय? तेही झालंय. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या गटाने ई. कोलाय आणि स्युडोमोनासला पुन्हापुन्हा चांदीच्या नॅनोकणांच्या कमी मात्रेत वाढवलं, तर त्यांनी फ्लॅजेलिन सोडायला सुरुवात केली, म्हणजे पोहायच्या शेपटीचं प्रथिन, ते चिकट, त्याने कण गोळा होऊन निकामी. जनुकात बदल करायचीही गरज पडली नाही. कसले हुशार आहेत बघा. आणि यावर उतारा काय सापडला तर डाळिंबाच्या सालीचा अर्क! त्याने फ्लॅजेलिन बनणं थांबलं आणि चांदी परत चालायला लागली. म्हणजे झाडाचं खरं, सिद्ध झालेलं, अभिमानाने सांगावं असं काम हे आहे, आणि यांच्या अख्ख्या पीडीएफमध्ये ते कुठेही नाही, कारण ते लिहायचं तर आधी सवय होते हे कबूल करावं लागेल.

कॅन्सरकडे येऊ. एकच ग्राफ आहे, एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी टेस्ट, मात्रा वाढली की खांब खाली उतरत जातात, चोवीस तास. असे ग्राफ मी इतके बघितलेत की झोपेत काढून देईन. एमटीटी म्हणजे पिवळी डाय, जिवंत पेशी तिला जांभळी करतात, जांभळं जितकं कमी तितक्या पेशी मेल्या. पण पानातले पॉलिफेनॉल ही डाय पेशीशिवायच जांभळी करू शकतात, आणि चांदीचे कण स्वतः उजेड शोषतात, म्हणून रिकाम्या खड्ड्यात, पेशी न घालता, नुसते कण आणि डाय टाकून रीडिंग घ्यावं लागतं. मी पहिल्या वर्षी घेतलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी घेतलं तेव्हा आधीचे सहा महिने कचऱ्यात गेले. यांच्या ग्राफमध्येही ते नाही. आणि निरोगी पेशींवर काय होतं तेही नाही. चांदी ओतली तर कॅन्सरची पेशी मरते यात नवल काय, ब्लीच ओतलं तरी मरते, विचारायचं असतं की शेजारची चांगली पेशी वाचली का.

समजा वाचली. पुढे? डिशमध्ये औषध पेशीच्या डोक्यावर ओतलेलं असतं, शरीरात त्याला तिथवर पोचावं लागतं. टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात मध्यक धरून ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही, बाकीचे लिव्हर, प्लीहा वगैरे गिळून टाकतात. आणि हे शिरेतून, चांगले धुतलेले मोजूनमापून बनवलेले कण. यांची बाटली तर तोंडाने घ्यायला सांगतात! पोटात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे, क्लोराइडच क्लोराइड, परत तीच सलाइनची नळी.

धातूने कॅन्सर बरा होतच नाही असं कोणी म्हणत नाहीये. सिस्प्लॅटिन प्लॅटिनमचंच आहे, आणि सापडलं कसं तर १९६५ मध्ये रोझेनबर्ग बॅक्टेरियावर विजेचा परिणाम बघत होते आणि ई. कोलायचे विभागणी थांबून लांबच लांब धागे झाले, विजेने नाही, इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमने. तिथून औषध म्हणून मंजुरी १९७८ ला, तेरा वर्षं, आणि ते किडनीला त्रास देतं, कानाला देतं, उलट्या होतात, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, मात्रा ठरलेली आहे. कॅन्सरच्या मंजूर औषधांत पानाच्या अर्कात बनवलेले चांदीचे कण नाहीत. साइड इफेक्ट शून्य हे वाक्य मला म्हणूनच खटकतं, मोजलेच नाहीत तर शून्यच येणार. चांदीचा मोजलेला आहे तसा एक, आर्जिरिया, कातडी निळीराखाडी होते आणि तशीच राहते, परत जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सांगून टाकलं की दुकानात मिळणारी कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि प्रभावी मानता येत नाहीत.

आता सर्व्हिस. ईमेल केली, साधे प्रश्न, वनस्पती कुठली, पानं कुठल्या ऋतूतली, प्रत्येक बॅचचा पीक मोजता का, उरलेलं सिल्व्हर नायट्रेट किती. ऋतू का विचारला तर पावसाळ्यातल्या कोवळ्या पानांचा अर्क आणि उन्हाळ्यातल्या जून पानांचा अर्क यात पॉलिफेनॉल सारखे नसतात, आणि ते बदलले की कणाचं माप बदलतं, माझ्या एकाच झाडाने मला जुलैत आणि एप्रिलमध्ये दोन वेगळे रंग दिलेत. म्हणून बॅच नंबर पाहिजे. उत्तर आलं, फॉर्म्युला गोपनीय आहे, उत्पादन पूर्णपणे नैसर्गिक आहे, विश्वासाबद्दल धन्यवाद. परत लिहिलं. परत तेच, यावेळी खाली फुलाचं चित्र.

मग फोन लावला आणि गप्प बसून नुसतं पेशंट असल्यासारखं विचारलं, मावशीच्या जखमेसाठी चालेल का. ताई फार गोड बोलल्या, चालेल ना सर, जखमेवर स्प्रे आणि दहा थेंब कोमट पाण्यातून दिवसातून दोनदा. म्हटलं अँटिबायोटिक चालू आहेत. त्या म्हणाल्या, "ते हळूहळू बंद करू शकता सर, याने पूर्ण आराम पडतो." इथे तिसरा स्टार गेला. कणांचं माप चुकीचं छापलं, मला राग नाही, आम्हीही छापलंय. पण जिच्या रिपोर्टमध्ये दोनच औषधं उरलीत तिला तीही बंद करायला सांगायचं? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असल्या बाटल्या एक नाही दहा आहेत आणि सगळ्यांवर तेच पान छापलंय.

ताईंवर चिडून उपयोग नाही, त्यांच्यासमोर कागद असतो आणि त्या वाचतात. आणि तो कागद कुठून आला हे मला नीट माहितीये. आमच्यासारख्यांच्या पेपरांच्या शेवटच्या ओळीतून. 'हे कण रेझिस्टंट बॅक्टेरिया आणि कॅन्सरवर उपचारासाठी आशादायक आहेत' ही ओळ मीसुद्धा लिहिली आहे, माझ्या दोन पेपरांत आहे, जशीच्या तशी. त्यातलं आशादायक उडालं आणि उरलेलं लेबलवर आलं. माझ्या एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीत, ३२ आणि ४६ अंशांना दोन जास्तीचे पीक होते, मी लिहिलं 'वनस्पतीतल्या सेंद्रिय घटकांचे', सगळे तसंच लिहितात म्हणून. नंतर कळलं ते सिल्व्हर क्लोराइडचे असतात, पानात क्लोराइड असतंच की. कंपनीच्या पीडीएफमधल्या एक्सआरडीत तेच दोन पीक आहेत आणि खाली तेच वाक्य आहे. बघून कसंतरीच झालं.

मावशीची जखम आता भरतेय, त्या उरलेल्या दोनातल्या एका औषधाने आणि रोजच्या ड्रेसिंगने. तिने विचारलं, बाटलीचे पैसे परत मिळतील का. नाही, सील उघडलं की रिटर्न नाही, हे मात्र लेबलवर अगदी ठळक छापलंय. बाटली लॅबच्या शेल्फवर ठेवली, ज्युनिअरने तिच्यावर मार्करने 'पिऊ नये' लिहिलंय आणि फॉइल गुंडाळलंय. काल बघितलं तर वरचं पाणी फिकट झालंय आणि तळाचा साका बोटभर वाढलाय.